खेकड्यांचा भात

गोदूबाईने एका श्वासात सत्तावीसपर्यंत मोजलं आणि रविनाने वहीत तारखेपुढे २७ लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. तीन महिन्यांत एवढा आकडा कधी आला नव्हता.

"झाली का गो परीक्षा?" गोदूबाईने पदर खोचत विचारलं. "पास का नापास?"

"पहिला नंबर, आई."

"मंग बाजूला हो. मला कामं हायेत."

मोजायची ही रीत ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी शिकवली होती. छाती भरून श्वास घ्यायचा आणि तो संपेपर्यंत मोठ्याने अंक म्हणायचे. जितके अंक, तितका छातीचा जोर. गोदूबाई मात्र एकपासून सुरुवात करायला तयार नव्हती. भात मापताना पहिल्या पायलीला कोणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात; आणि श्वास काय भातापेक्षा हलका झाला? म्हणून ती 'लाभ, दोन, तीन' असंच मोजायची. रविनाच्या वहीतल्या पहिल्या पानावरचा आकडा अकरा होता.

रविना मुरबाडकडची. रसायनशास्त्रात बीएस्सी झालेली, शहापूरला माती-पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. डोळखांबच्या पुढच्या या पाड्यावर ती लग्न होऊन आली तेव्हा सासूच्या पापण्या संध्याकाळी आपोआप मिटून पडत होत्या. भाकरी चावता चावता जबडा थकायचा, मग गोदूबाई एका हाताने हनुवटी धरून घास संपवायची. केस विंचरायला हात वर उचलला की तो दगडासारखा खाली यायचा. कोणी म्हणालं झोप पुरत नाही, कोणी म्हणालं बाहेरचं आहे. एका चष्मेवाल्याने तर चष्माही विकला. रविनाने महिनाभर नुसतं पाहिलं. तिच्या लक्षात आलं, की सकाळी सगळं ठीक असतं. जो स्नायू वापरावा तो दमतो आणि विसावा दिला की पुन्हा उठतो. ती सासूला घेऊन ठाण्याला गेली. आजाराचं नाव निघालं मायस्थेनिया.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं होतं. नसेच्या टोकातून एक द्रव्य सुटतं, ते स्नायूच्या दारावर थाप मारतं, मग स्नायू आखडतो. गोदूबाईची दारंच कमी झालेली. द्रव्य सुटतं, पण दार सापडेपर्यंत शरीर त्याला झाडून टाकतं. गोळी त्या झाडणाऱ्याचा हात धरते. द्रव्य जास्त वेळ राहतं, उरलेल्या दारांवर पुन्हा पुन्हा थापा मारतं. रविनाला हे इतकं सुंदर वाटलं होतं, की परतीच्या प्रवासात ती ते चित्र चारदा उघडून बसली.

चित्राखाली डॉक्टरांनी एक ओळ लिहिली होती. 'कमी पडली तरी अशक्तपणा, जास्त झाली तरी अशक्तपणा.' ती रविनाने वहीत उतरवून घेतली. घरच्यांसाठी मात्र तिने बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं:

सात, अकरा, तीन, सात – एक गोळी.
मध्ये पापणी पडली – अजून एक.

सासरे बारकूबाबा चौथीपर्यंत शिकलेले. त्यांना दोनच ओळी द्याव्यात, तिसरीने गोंधळ होईल, असा तिने विचार केला. पुठ्ठा पडवीच्या खांबाला टांगला. तीन महिन्यांत दुसरी ओळ दोनदाच लागली होती आणि दोन्ही वेळा अर्ध्या तासात पापणी उघडली होती. पाड्यावरचे लोक पुठ्ठा बघायला यायचे.

ती वही मिटून बाहेर आली तेव्हा गोदूबाई मागच्या दारी परातीपुढे बसलेली होती. परातीत ढीगभर मोकळा भात, वाफ अजून जात होती. शेजारी सुकटीची पूड आणि शेतीच्या दुकानातून आणलेली पांढऱ्या पावडरीची पुडी. रविनाने नाक मुरडलं, सडक्या कोबीसारखा तो वास.

लावणी होऊन दहा-बारा दिवस झाले होते. याच दिवसांत खेकडे बांधाला बिळं पाडतात, रातोरात खाचराचं पाणी निघून जातं आणि रोप उघडं पडतं. त्यावर पाड्याचा उपाय ठरलेला. भातात किड्याचं औषध आणि वासाला सुकट कालवायची, त्याचे सुपारीएवढे गोळे करायचे आणि बिळागणिक एक आत सरकवायचा. गोळा घट्ट हवा. सैल झाला तर पाण्यात विरघळतो आणि खेकडा नुसता पाय धुऊन निघून जातो. गोदूबाईच्या हातचे गोळे सगळ्या पाड्यात नावाजलेले. गेली दोन वर्षं मात्र तिची मूठच वळत नव्हती. बारकूबाबांनी हाताला पिशवी बांधून केलेले गोळे बिळाच्या तोंडातच फुटले आणि गेल्या साली वरचं खाचर आटून गेलं.

"आई, तुम्ही कशाला? बाबा करतील ना."

"त्यांचे गोळे नकोत. ते गोळे बघून खेकडे हसतात."

बारकूबाबा विडी शिलगावत म्हणाले, "हसून हसून मेलं आसतं तरी चाललं आसतं."

कुडापलीकडून लहानीकाकूने डोकं काढलं. ती गोदूबाईची धाकटी जाऊ, तोंडाने फटकळ. "गोदे, हात चालाय लागले म्हनं तुजे. मंग माझ्या खाचरांचे पन कर. मी भात शिजवून आनते."

"आन की. दोन शेर आन. आज मी सगळ्या पाड्याचं करंन."

"आई, निदान हाताला पिशवी बांधा," रविना म्हणाली.

"पिशवीतून कळत नाय गो, भात कवा आवळला ते." गोदूबाईने परातीत दोन्ही हात घातले. काचेच्या बांगड्या मनगटावर मागे सारल्या, त्या पुन्हा पुढे आल्या आणि भातात बुडाल्या. तिने मूठ वळली, उघडली. तळव्यावर गोळा होता, लिंबाच्या सालीसारखा गुळगुळीत. गोदूबाई त्याच्याकडे बघतच राहिली. दोन वर्षांनी तिची बोटं तिचं ऐकत होती.

जीपचा भोंगा वाजला. कमळूची जीप सव्वासहाला यायची आणि दोन मिनिटंही थांबायची नाही. "हात साबणाने धुवा, मगच गोळी घ्या," एवढं सांगून रविना पळाली. वळणावरून तिने मागे पाहिलं. सासू खाली मान घालून गोळे वळत होती, आणि परातीच्या कडेला सांडलेली शितं कोंबड्या टिपत होत्या. त्या दृश्यात काहीतरी चुकीचं होतं, असं तिला क्षणभर वाटलं. पण जीप खड्ड्यात आदळली, कोणीतरी हसलं आणि ते वाटणं निघून गेलं.

सव्वाबाराला फोन आला. घराजवळ नेटवर्क नव्हतं. टेकाडावरच्या मोहाच्या झाडाखाली जाऊन बोलावं लागायचं. बारकूबाबांना धाप लागली होती.

"रविना, पापनी पडली गो. साडेनवाला पडली, तवा एक दिली. अकराची पन दिली. तरी परत पडली."

"कामाने दमल्या असतील. किती गोळे केले?"

"लय. लहानीचे धरून दोनशे तरी आसतील."

"मग बरोबर. हात दमला की सगळंच दमतं. आकडा काढला का?"

"चौदा."

रविनाने समोरच्या नोंदवहीच्या कोपऱ्यात १४ लिहिलं. सकाळी सत्तावीस, दुपारी चौदा. वाईट होतं, पण समजण्यासारखं होतं. "अजून एक द्या," ती म्हणाली. "आणि आडवं पडायला सांगा."

दीडला पुन्हा फोन. आता बाबांचा आवाज बदललेला. "नऊ झाले गो. डोळं उघडंनात. मान पन धरवत नाय. लहानी म्हनते गोळी आजून दे."

रविना उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे ते चित्र आलं: दारं कमी आणि थापा पुरत नाहीत. यालाच संकट म्हणतात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, छातीचा स्नायू दमला की माणूस बसल्या जागी गुदमरतो.

"द्या," ती म्हणाली. "लगेच द्या. मी निघाले."

"बरं. पाचवी ही." मग जाता जाता सांगावं तसं ते म्हणाले, "घाम किती सुटलाय म्हनून सांगू, आंघोळ घातल्यावानी. तोंडातून लाळ पन गळतेय सारखी." आणि फोन कट झाला.

तिने पंकजला, नवऱ्याला, फोन लावला. वाशिंदच्या कारखान्यात कामगारांचे फोन गेटवर जमा होतात. घंटी वाजत राहिली. कमळूची जीप स्टँडवरच होती. प्रवासी भरायची वाट न बघता त्याने गाडी काढली.

किन्हवली सुटल्यावर रविनाने खिडकीला डोकं टेकवलं आणि एकेक गोष्ट ओळीने लावायला घेतली. लाळ समजत होती. घसा दमला की थुंकी गिळता येत नाही, ती बाहेर येते. पण घाम? या आजाराला घामाशी काय देणंघेणं? ज्या दारांचा आजार आहे ती स्नायूंची दारं. घाम, लाळ, आसवं, आतडी, बुबुळ, हृदयाचा ठोका यांची दारं वेगळी, ती गोदूबाईची शाबूत आहेत. आणि गोळी काही फक्त स्नायूंपुरता झाडणाऱ्याचा हात धरत नाही. ती सगळीकडेच धरते.

कमी पडली तरी अशक्तपणा. जास्त झाली तरी अशक्तपणा.

तिने फोन लावला. एकदा, दोनदा, सहादा. बाबा टेकाडावरून उतरून घरी गेलेले असणार, हातात पुठ्ठ्याचा हुकूम घेऊन. पापणी पडली – अजून एक. तासाभराने पुन्हा पापणी बघतील. पापणी उघडलेली नसेल.

"कमळूदादा, जरा जोरात घ्या."

"वैनी, याच्यापेक्षा जोरात घेतली तर मोकळं टायरच पोचतील पाड्यावर."

एक गोष्ट तरीही जुळत नव्हती. सकाळपासून पाच गोळ्या. डॉक्टर म्हणाले होते, काही रोगी दिवसाला याच्या दुप्पट घेतात. पाच गोळ्यांनी माणूस घामाने न्हाऊन निघत नाही. मग उरलेलं कुठून आलं?

अंगणात शिरताना तिला पहिल्यांदा कोंबडी दिसली. तुळशीपाशी ती बसली होती, पंख दोन्ही बाजूंना सांडलेले, मान वाकडी. चोचीतून पाण्याची तार लोंबत होती. दुसरी कुडाजवळ आडवी होती आणि तिचा एक पाय आपोआप थरथरत होता.

पडवीत बाया जमल्या होत्या. बारकूबाबा एका हातात पाण्याचा पेला आणि दुसऱ्या तळव्यावर सहावी गोळी घेऊन उभे होते. रविनाला बघून त्यांना हायसं वाटलं.

"आली बघ ती. आता तूच दे. मला गिळवता येत नाय."

"देऊ नका."

"काय?"

"गोळी देऊ नका, बाबा. खाली ठेवा ती."

खोलीत उजेड नव्हता. खिडकीवर गोणपाट लावलेलं. गोदूबाई भिंतीला टेकून बसलेली, लुगडं भिजून अंगाला चिकटलेलं, श्वास घेताना छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज. गालांवरून आसवं वाहत होती, पण ती रडत नव्हती. रविनाने अंगठ्याने पापणी वर केली आणि मोबाईल जवळ नेला. अंधारात बसलेल्या माणसाची बाहुली मोठी असायला हवी. ही मोहरीएवढी होती. दंडाच्या कातडीखाली काहीतरी वळवळत होतं, मातीखाली गांडुळं हलावीत तसं. तिने मनगट धरलं आणि घड्याळाकडे पाहिलं. मिनिटाला चव्वेचाळीस. गुदमरणाऱ्या माणसाचं काळीज धावतं. हे पाय ओढत होतं.

"आई, मोजा."

गोदूबाईने ओठ हलवले. "लाभ... दोन... तीन... चार..." पाचला शीळ आली, सहाला नुसता वारा.

लहानीकाकू दारातून ओरडली, "मोजतंस काय? बाई चाललीय नि ही पाढं म्हनून घेते! बारकूदादा, द्या ती गोळी. हिच्या पुठ्ठ्यावरच लिवलंय ना, पापनी पडली की दे?"

"लिहिलंय," रविना म्हणाली. "मीच लिहिलंय. चुकीचं लिहिलंय."

बारकूबाबांनी हातातला पेला खाली ठेवला. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मग बायकोकडे. तीन महिने ज्या गोळीने पापणी उघडली ती आज देऊ नको म्हणणारी हीच, आणि दे म्हणणारीही हीच. "तू बोलली म्हनून देत आलो," ते हळू आवाजात म्हणाले. "आता नको बोलतेस. नाय दिली नि मेली तर?"

हा प्रश्न रविनाच्याही पोटात होता. ती चुकत असेल, तर ही एक गोळी रोखून ती सासूला मारत होती. तिने त्यांचा हात धरून त्यांना पडवीच्या कडेला नेलं, समोर खाचरं दिसत होती.

"बाबा, पाणी कमी पडलं की रोप कसं दिसतं?"

"पिवळं."

"आणि पाण्यात बुडालं की?"

"पिवळंच."

"मग तुम्ही कसं ओळखता?"

"चिखलात हात घालून."

"मी आत्ता हात घातला, बाबा. आई बुडतेय. तिच्यात पाणी कमी नाही, जास्त झालंय. आणि मला कळत नाही ते आलं कुठून. पाच गोळ्यांनी एवढं होत नाही."

तेवढ्यात तुळशीपाशी कोंबडी कलली. तिचे पंख एकदा फडफडले आणि थांबले. रविना बघत राहिली. कोंबडीला कोणी गोळी दिली नव्हती.

तिने आत धाव घेतली आणि गोदूबाईची बोटं नाकाशी नेली. साबणाचा वास होता, आणि त्याच्या खाली सडक्या कोबीचा. तिने बांगड्या वर सारल्या. काचेच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या घडीत, सुकलेल्या शितांचा पांढरा थर चिकटून बसला होता. नखांतही तोच. दोनशे गोळे. खेकड्याचं औषध काय करतं? झाडणाऱ्याचा हात धरतं. गोळी करते तेच, फक्त गोळी सोडते आणि हे सोडत नाही. उघड्या हातांनी, ओल्या गरम भातात ते तासभर कातडीतून आत जात राहिलं. जिच्या अंगात आधीच गोळीने निचऱ्याचे पाट अडवलेले, तिच्यात.

सकाळी गोदूबाईच्या बोटांत भरलेला जोरही तिला आठवला. तो गोळीने दिलेला होता. गोळी नसती, तर गोदूबाई परातीपुढे बसलीच नसती.

"काकू, पाणी आणा. साबण आणा. आणि तुम्ही हाताला पिशवी बांधा," ती म्हणाली. लहानी न्हाणीकडे पळाली. त्यांनी लुगडं उतरवलं, बांगड्या फोडल्या, कोपरापर्यंत हात तीनदा घासून धुतले, त्याच हातांनी घाम पुसलेलं कपाळ धुतलं, केस धुतले. पांढऱ्या पावडरीची रिकामी पुडी रविनाने पिशवीत गुंडाळून घेतली. कमळूने जीपची मागची सीट आडवी केली.

डोळखांबच्या दवाखान्यातली डॉक्टरीण रविनाच्याच वयाची होती. तिने बाहुली पाहिली, पुडी वाचली, मायस्थेनियाचा कागद वाचला आणि तिचा चेहरा उतरला. "दोन्ही एकत्र?" एवढंच ती म्हणाली. मग तिने ॲट्रोपिन भरलं. एक दिलं, पाच मिनिटांनी दुसरं, मग दुप्पट. हे औषध घाम-लाळेच्या दारांना कुलूप घालतं, हे रविनाला माहीत होतं. ती बघत बसली. घाम थांबला. लाळेची तार तुटली. छातीतलं उकळणं खाली गेलं. नाडी ऐंशीवर आली. गोदूबाईने जीभ ओठांवरून फिरवली आणि पुटपुटली, "तान लागली."

बारकूबाबा दारातून पुढे आले. "वाचली गो."

डॉक्टरीण वाचली म्हणाली नाही. "ओलावा आटलाय, बाबा. पण या औषधाला स्नायूंच्या दारापर्यंत जाता येत नाही. तिथला पूर तसाच आहे. यांना ठाण्याला श्वासाच्या मशिनपाशी न्यायला हवं, आणि वाटेत श्वास टिकायला हवा."

एकशे आठची गाडी आली. आत एक डॉक्टर, एक बाकडं, प्राणवायूची टाकी. बारकूबाबा पुढे बसले. शहापूर येईपर्यंत रविना दर दहा मिनिटांनी मोजायला लावत होती. सहा. पाच. पाच. आसनगावच्या फाटकाजवळ चार. गाडी हायवेला लागली तेव्हा गोदूबाई "लाभ" म्हणाली आणि पुढे ओठ हलत राहिले, पण त्यांतून काही निघालं नाही. कपाळ निळसर होत चाललं होतं. तिची नजर रविनावर होती. शुद्ध शाबूत होती, हेच भयंकर होतं.

डॉक्टरांनी तोंडावर मास्क दाबला आणि त्याला जोडलेला रबरी फुगा रविनाच्या हातात दिला. "दाबा. सोडा. चार सेकंदांनी परत. मी इंजेक्शन भरतो. थांबायचं नाही."

तिने दाबला. सासूची छाती वर आली. तिने सोडला, छाती खाली गेली.

"लाभ," रविना म्हणाली.

दाबला, सोडला. "दोन."

वाशिंदच्या कारखान्याचं धुराडं काचेतून सरकून गेलं. त्याच्या पोटात कुठेतरी पंकज होता आणि त्याला काही माहीत नव्हतं. शंभराला तिची बोटं दुखायला लागली. दोनशेला बधिर झाली. डॉक्टर म्हणाले, आता मी घेतो, तेव्हा तिने फुगा दिला पण मोजणं दिलं नाही. चारशेला पुन्हा तिच्या हातात आला. तिला कळत होतं, की मूठ वळायची आणि उघडायची, एवढंच काम आहे. भात आवळण्यासारखं. जरा सैल पडलं की गेलं. ठाण्याच्या दवाखान्याच्या दारात फुगा तिच्या हातातून कोणीतरी काढून घेतला तेव्हा आकडा आठशे एकोणीस होता. तिची मूठ नंतरही उघडत-मिटत होती.

मशीन पाच दिवस चाललं. सहाव्या दिवशी नळी निघाली. सातव्या दिवशी गोदूबाईने उशीला टेकून, खरखरत्या घशाने, नऊपर्यंत मोजलं. डॉक्टरांनी गोळी अर्धी करून पुन्हा सुरू केली. रविनाने वहीत ९ लिहिलं. रेघ ओढली नाही.

दुपारी बारकूबाबा पाड्यावर जाऊन आले. पिशवीतून त्यांनी कोरी भाकरी काढली, मग तो पुठ्ठा. खांबावरून काढून, पुसून, दुमडून आणलेला. "मागल्या बाजूला कोरा हाय," ते म्हणाले. "आता काय ते नीट लिव. चार ओळी लागल्या तर चार लिव. मी वाचंन."

रविनाने पेन घेतलं. पहिली ओळ मनात जुळवता जुळवता तिने विचारलं, "बाबा, त्या दिवशी केलेल्या गोळ्यांचं काय केलंत? लहानीकाकूचे पण होते ना?"

"तिचे तिनं घातले की त्याच दिवशी. आपले मी दुसऱ्या दिवशी निरोप धाडून लहानीच्या पोराकरवी घालून घेतले. टाकून काय देयाचे?" बाबांचा चेहरा आठवडाभरात पहिल्यांदा उजळला. "एक पन फुटला नाय, रविना. वरच्या खाचरात पानी आसं टिकलंय, जसं ताटात. बिळं सगळी गप. अख्खा पाडा बघून गेला. सकुबाई बोलली, पुढच्या साली आमचे पन गोदूच्याच हातनं. धोंडीबाई बोलली, आमचे पन."

"बाबा—"

"मी बोललो, आधी तिला घरी तर येऊ द्या."

गोदूबाई डोळे मिटून पडली होती. ती झोपली आहे असं रविनाला वाटलं होतं. पण तिच्या कोरड्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. चादरीवर पडलेला उजवा हात हळूहळू मिटत होता, उघडत होता, पुन्हा मिटत होता. बोटं अजून पुरती जुळत नव्हती. तरी ती जुळवत होती, आतमध्ये काहीतरी गोल, घट्ट धरल्यासारखी.